जुलैची वाट: एका पीएचडीधारक ताईंचं प्रकरण

२०२२ च्या फेब्रुवारीत कुपवाडच्या आमच्या कारखान्यात क्वालिटी केमिस्टच्या जागेसाठी एक बाई आल्या होत्या. रसायनशास्त्रात पीएचडी, शिवाजी विद्यापीठ. फाइल जाडजूड. पहिल्या पानावरचं ‘डॉ.’ वाचलं आणि मी ती मनातल्या मनात मिटवली. पगार होता अठरा हजार. ‘मॅडम, तुम्ही इथे टिकणार नाही,’ असं म्हणून चहा पाजला आणि पाठवून दिलं. सगळं मिळून दहा मिनिटं. त्यांच्याऐवजी घेतलेला बीएस्सीवाला पोरगा चार महिन्यांत पुण्याला पळाला, ते सोडा.

दीड वर्षाने त्याच बाई पुन्हा समोर आल्या, आणि या वेळी नकार द्यायला माझ्याकडे खुर्ची नव्हती. मी निवृत्त झालो होतो. पुढे जे झालं ते त्यांच्या परवानगीने लिहितोय. नाव, गाव, महाविद्यालय वगळलंय. घरात थोरले-धाकटे सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच. मी काही करिअर सल्लागार नव्हे. हळद, बेदाणा आणि मसाल्याचा माल तपासण्यात तीस वर्षं गेली, तेवढीच माझी पात्रता.

सहा वर्षं, आणि वर तीन

ताई तासगाव तालुक्यातल्या. वडिलांची अडीच एकर द्राक्षबाग आणि बांधावर बेदाण्याचं शेड. २०१२ ला एमएस्सी, ऑरगॅनिक. २०१३ ला सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा. २०१४ ला पीएचडीची नोंदणी. विषय आपल्याकडे शंभरातल्या चाळीस जणांचा असतो तोच: नॅनो कॅटॅलिस्ट वापरून हेटेरोसायक्लिक संयुगं बनवणं. पहिली दोन वर्षं गाइडच्या प्रोजेक्टमधून पैसे मिळाले, पुढे काहीच नाही. २०१७ ला लग्न होऊन मिरजेत आल्या. डिसेंबर २०१९ ला प्रबंध सादर केला, आणि मौखिक परीक्षा झाली जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, सासरच्या बेडरूममध्ये लॅपटॉपवर. ‘अभिनंदन, डॉक्टर’ असं स्क्रीनवरून कोणीतरी म्हणालं तेव्हा बाहेर कुकरची शिट्टी होत होती, हे त्या स्वतः हसत सांगतात.

कोल्हापूरच्या प्रयोगशाळांतून दक्षिण कोरियाला पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, जायची वाट चांगली मळलेली आहे. ताईंच्या बरोबरचे तिघे गेले. त्यांनाही एका ठिकाणाहून होकार आला होता, पण तेव्हा त्यांना दिवस गेले होते. मुलगी २०२१ मध्ये झाली. नवऱ्याची नोकरी मिरजेत, सासूबाईंच्या गुडघ्यांचं दुखणं. म्हणजे जे काही करायचं ते सांगली, मिरज, कुपवाड या त्रिकोणातच. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण ‘पुण्याला का नाही गेल्या? हैदराबादच्या फार्मात का नाही?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. पाय बांधलेल्या माणसाला पळायचे धडे देण्यात अर्थ नसतो.

मग सीएचबी, म्हणजे महाविद्यालयात तासावर पैसे घेऊन शिकवणं. तासिका तत्त्व म्हणजे काय हे आपल्या भागातल्या कुठल्याही घराला समजावून सांगावं लागत नाही. जूनच्या शेवटी वर्तमानपत्रात जाहिरात, जुलैत मुलाखत, ऑगस्ट-सप्टेंबरात नेमणूक, मार्च-एप्रिलला संपलं. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. बिलं वर्षातून एकदा-दोनदा निघतात. हजेरीपटावर सही करता येते, स्टाफरूममध्ये टेबलाचा कोपरा मिळतो, पोरं ‘मॅडम’ म्हणतात. आणि दर मे महिन्यात कोणी ना कोणी सांगतं, ‘यंदा आपल्या विषयाची जागा नक्की निघतेय. वर्कलोड तयार आहे, एनओसीचं, सरकारी परवानगीचं, तेवढं बघताहेत.’

ताईंची तीन वर्षं त्यात गेली. माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथेच आहे. बाहेर नोकऱ्या नव्हत्या म्हणून त्या थांबल्या असं नाही. जुलै दरवर्षी येत होता म्हणून थांबल्या. सीएचबीतून मिळणाऱ्या पैशांवर जगता येत नाही, पण सोडून जावं इतका अपमानही रोज होत नाही. दोन्हींच्या मधल्या जागेत माणूस आरामात म्हातारा होऊ शकतो. बेचाळीस वर्षांचे सीएचबीवाले मी पाहिलेत.

२०२१ च्या शेवटी राज्यात सहायक प्राध्यापकांची २,०८८ पदं भरायला मंजुरी मिळाली तेव्हा घरात पेढे आणायचंच काय ते बाकी होतं. ताईंनी तीन संस्थांत मुलाखती दिल्या. एका ठिकाणी मुलाखतीच्या चार दिवस आधी एका मध्यस्थाने वडिलांना गाठून आकडा सांगितला. वडिलांनी एक एकर काढायची तयारी केली. ताईंनी ते कळल्यावर दोन दिवस जेवण सोडलं. जमीन वाचली. जागा कोणाला मिळाली हे इथे लिहिण्यात हशील नाही.

नंतर ३० जून २०२३ ची यूजीसीची अधिसूचना आली. विद्यापीठांमधल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी सक्तीची होणार, असं २०१८ च्या नियमांत होतं. ती मुदत २०२१ वरून २०२३ वर ढकलली होती. नव्या अधिसूचनेने सक्तीच काढून टाकली. नेट किंवा सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. महाविद्यालयांत तर सेट आधीपासूनच चालत होती. म्हणजे नोकरीच्या दारापुरतं बोलायचं तर ताई २०१३ मध्येच पात्र होत्या. ही बातमी त्यांनी मुलीला भात भरवताना मोबाईलवर वाचली. ‘रडू आलं नाही, काका,’ असं त्या नंतर मला म्हणाल्या. ‘हिशेब करावासा वाटला.’

हिशेब

ऑगस्ट २०२३ मध्ये तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याच्या सौद्याला मी सहज गेलो होतो. तीस वर्षांची सवय, सुटत नाही. तिथे एक शेतकरी जवळ आले. ‘सायेब, वळखलं का? माझ्या पोरीला तुमी च्या पाजला हुता.’

मला काही आठवेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘गावात लोक हसत्यात. म्हणत्यात, पोरगी डाक्टर झाली, पर सुई टोचाय येत न्हाई.’

पुढच्या रविवारी ताई आमच्या विश्रामबागच्या घरी आल्या. हातात फाइल नव्हती, शंभर पानी वही होती. तिच्यात सीएचबीची तीन वर्षं मांडलेली: २०२०-२१ चे एकसष्ट हजार, २०२१-२२ चे एक लाख बारा हजार, २०२२-२३ चे एक लाख चौतीस हजार. खाली पेट्रोल, झेरॉक्स, मुलाखतीला जाण्या-येण्याचा खर्च, मुलीला सांभाळणाऱ्या मावशींचे पैसे. वजाबाकी केल्यावर महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास उरत होते. मी आयुष्यभर रजिस्टरं तपासली आहेत, पण इतकं स्वच्छ रजिस्टर क्वचित पाहिलं. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी हललं होतं. उलगडा व्हायला मात्र दोन महिने लागले, कारण मधे मी एक गाढवपणा केला.

मी त्यांना सांगितलं, ‘ताई, बायोडाटातून पीएचडी काढून टाका. एमएस्सी एवढंच ठेवा. आमच्यासारखे लोक डॉक्टर बघून घाबरतात.’ त्यांनी निमूटपणे काढून टाकली. दोन कारखान्यांतून बोलावणं आलं. पहिल्या ठिकाणी पहिलाच प्रश्न: ‘२०१४ ते २०२० काय करत होता?’ ताईंना खोटं बोलता येत नाही. ‘घरी होते’ म्हणायचं ठरलं होतं, तोंडातून ‘संशोधन’ निघालं. समोरचा म्हणाला, ‘मग लपवलं का? आणखी काय लपवलंय?’ दुसऱ्या ठिकाणी तर प्रश्नही विचारला नाही. सहा वर्षांची रिकामी जागा बघून ‘बाळंतपण वगैरे का?’ एवढंच. हा सल्ला आजही बरेच जण देतात. देऊ नये. सहा वर्षांचं भोक पदवीपेक्षा जास्त डोळ्यांत भरतं.

त्याआधी ताईंनी स्वतःहून दोन वाटा चाचपल्या होत्या. एक रात्रीचं काम: परदेशी संशोधकांच्या लेखांचं इंग्रजी सुधारून द्यायचं. पैसे शब्दावर. आठ महिने केलं, डोळे दुखायला लागले, आणि महिन्याचा आकडा कधी नऊ हजार, कधी दोन. दुसरी वाट पेटंट एजंटच्या परीक्षेची. ती विज्ञानाच्या पदवीवर देता येते, प्रत्येक पेपरात ५० आणि एकूण ६० टक्के लागतात. पेटंटचा कायदा त्यांनी वाचूनही काढला. परीक्षा अजूनही देतील कदाचित. पण सांगलीत बसून पहिलं गिऱ्हाईक कुठून आणायचं, यावर मलाही काही सुचलं नाही.

एका दिवसाची गोष्ट

ऑक्टोबरात मी त्यांना म्हटलं, बायोडाटा राहू दे. २०१७ मधला प्रयोगशाळेतला कुठलाही एक दिवस सकाळपासून सांगा. प्रबंधाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

त्या तासभर बोलल्या. सकाळी आल्यावर व्हॅक्यूम पंपाचं तेल बघायचं, कारण कोणीच बघत नाही. द्रावक उडवायच्या यंत्राचं, रोटरीचं, सील गळत होतं, कंपनीचा माणूस दहा हजार मागत होता, म्हणून कोल्हापूरच्या दुकानातून पट्टी आणून स्वतः बसवलं. तीन रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत भांड्यात पाडत उकळणं, एकाच वेळी लावायचे, लाइट गेली की नोंद करायची किती वाजता गेली. केमिकल मागवायला तीन कोटेशन. एनएमआरचे नमुने बाहेर पाठवताना बाटल्यांवर सांकेतिक क्रमांक, त्याचं वेगळं रजिस्टर. एमएस्सीच्या दोन पोरींना टायट्रेशनचा शेवटचा थेंब कसा ओळखायचा हे शिकवलं, पैकी एक रंगांधळी निघाली, तिला पीएच मीटर लावून दिला.

बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक वही काढली. प्रयोगवही, अकरांपैकी सातवी. मी पानं उलटली. एका पानावर वजनाचा आकडा चुकलेला होता. त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख.

‘हे कोणी शिकवलं?’

‘सरांनी. खोडरबर किंवा पांढरी शाई दिसली तर ते वही फेकायचे.’

ज्याने एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, ऑडिट भोगलंय त्याला मला काय वाटलं ते कळेल. तपासणी प्रयोगशाळेत नव्या पोराला ही एक सवय लावायला वर्ष जातं. चूक झाली की खाडाखोड करू नकोस, झाकू नकोस, रेघ मार आणि सही कर. ऑडिटर यंत्र बघायच्या आधी रजिस्टर उघडतो. आणि ही बाई तीन वर्षं गावभर प्रबंध आणि सात पेपर दाखवत फिरत होती! वह्या माळ्यावर.

कुपवाडमध्ये माझ्या एका जुन्या मित्राची अन्नतपासणीची लॅब आहे. सात-आठ माणसं, एनएबीएलची मान्यता आहे. त्याचं एक दुखणं मला माहीत होतं. बेदाण्यातल्या सल्फर डायऑक्साइडची तपासणी त्याच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता असलेल्या चाचण्यांच्या यादीत, नव्हती. तासगाव-सांगलीचे व्यापारी ते नमुने पुण्याला पाठवायचे, जाता जाता बाकीचीही कामं तिकडेच जायची. स्कोपमध्ये नवी चाचणी घालायची तर आधी पद्धत आपल्या हातात बसलीय याचा पुरावा द्यावा लागतो, शेकडो आकड्यांचा. त्याच्याकडे तेवढा वेळ असलेला माणूस नव्हता. जाहिरात निघाली नव्हती आणि निघणारही नव्हती, कारण अशी जागा असते हे त्यालाच माहीत नव्हतं.

मी वही घेऊन गेलो. तोही त्याच पानावर थांबला. ‘तीन महिने. महिन्याला पंधरा हजार. चाचणी उभी राहिली तर पुढचं बोलू.’

गंधक

थोडं बेदाण्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवतात; डिपिंग ऑईल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. सालीवरचा मेणाचा थर त्याने सैल होतो आणि पाणी लवकर निघून जातं. मग शेडमधल्या जाळ्यांवर वाळवण. पिवळा रंग यावा म्हणून गंधक जाळून धुरी देतात. ती जास्त झाली की रंग सोन्यासारखा आणि आत सल्फाइट भरमसाट. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात बेदाण्यासाठी किलोमागे १,५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, युरोपात २,०००. दहा मिलिग्रॅमच्या वर असेल तर वेष्टनावर सल्फाइट असल्याचं लिहावं लागतं, कारण दम्याच्या काही रुग्णांना ते सोसत नाही.

तपासायची पद्धत जुनी, मोनिअर-विल्यम्स नावाची. पन्नास ग्रॅम बेदाणा पाण्यात वाटायचा, हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पावणेदोन तास उकळायचा, नायट्रोजनच्या झोताने निघणारा वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पकडायचा, तिथे त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, ते कॉस्टिकने टायट्रेट करायचं, म्हणजे थेंबाथेंबाने कॉस्टिक घालून किती लागलं ते मोजायचं. लाखोंचं यंत्र लागत नाही. काचेची भांडी लागतात, आणि ती नीट जोडणारा हात लागतो. सहा वर्षं रिफ्लक्स लावलेल्या बाईसाठी हे म्हणजे चहा करण्यासारखं, असं मला वाटलं होतं.

तसं झालं नाही. पद्धत पारखताना माहीत असलेल्या प्रमाणात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात आणि त्यातलं किती परत सापडतं ते बघतात. ताईंना पहिल्यांदा सापडलं ६४ टक्के. मग ७१. मग ५८. मित्राचा मला फोन: ‘तुझ्या डॉक्टरीणबाई थेंब मोजताहेत की तारे?’

ताई दोन आठवडे काही बोलल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघितला. एका जोडातून बारीक गळती होती. ती मिटवल्यावर आकडा ८० च्या पुढे गेला, पण रोज वेगळा. तेव्हा त्यांनी वेळा मांडल्या आणि लक्षात आलं की सकाळच्या चाचण्या चांगल्या येतात, संध्याकाळच्या वाईट. द्रावण सकाळी एकदाच बनवत होते. मेटाबायसल्फाइटचं पातळ द्रावण हवेने दिवसभरात मरतं. म्हणजे संध्याकाळी आपण घातलंय असं वाटत होतं तेवढं मुळात त्यात नव्हतंच. दर वेळी ताजं बनवायला लागल्यावर आकडे ९२ ते ९८ मध्ये बसले आणि तिथेच राहिले.

मला विचाराल तर पीएचडीचा खरा उपयोग या दोन आठवड्यांत दिसला. पद्धत येणं हा नव्हे. ती कोणालाही कागद वाचून येते. आकडा वाईट येतोय, मालक फोनवर फोन करतोय, आणि तरी आकड्याला न ढकलता कारण सापडेपर्यंत बसून राहायचं. आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही केमिस्टने चौथ्या दिवशी ‘९५’ लिहून मोकळं केलं असतं. मीही केलं असतं, वयाच्या पंचविशीत.

जानेवारी २०२४ ला पक्की नेमणूक झाली, चोवीस हजारांवर. चाचणी स्कोपमध्ये आली. पण व्यापाऱ्यांशी खरी गाठ नंतर पडली. मार्चमध्ये एका व्यापाऱ्याच्या मालात १,६२० आले. युरोपच्या मर्यादेत बसतो, कोडेक्सच्या नाही. तो लॅबमध्ये येऊन ओरडला, ‘तुमचं मशीन बिघडलंय. पुण्याला याच मालात बाराशे आलेत.’

ताईंनी विचारलं, ‘नमुना कुठल्या बॉक्समधून काढला होता?’

‘वरच्या.’

‘आणि आम्हाला दिलेला?’

त्याला माहीत नव्हतं. त्या शनिवारी ताई वडिलांच्या शेडमध्ये जाऊन बसल्या. धुरी सगळ्या जाळ्यांवर सारखी बसत नाही, हे वडिलांना वीस वर्षं माहीत होतं. आकड्यात कोणी बघितलं नव्हतं. ताईंनी जागोजागचे नमुने घेतले. एकाच शेडमधल्या मालात दीडपट फरक निघाला. शिवाय माल कोल्ड स्टोरेजला ठेवला की सल्फाइट हळूहळू कमी होत जातं, त्यामुळे मार्चचा आणि ऑगस्टचा आकडा वेगळा आणि तरी दोन्ही खरे. यावर त्यांनी व्यापाऱ्यांसाठी एक पान लिहिलं, साध्या मराठीत: पंधरा किलोच्या किती बॉक्समधून, कुठून, किती नमुना काढायचा, कसा मिसळायचा, कधी पाठवायचा. ओरडून गेलेल्या व्यापाऱ्याने ते पान टेबलाच्या काचेखाली सरकवलंय. मी स्वतः पाहिलंय.

वडील मात्र अजून खूश होतात ते दुसऱ्याच गोष्टीवर. डिपिंग ऑईल नक्की काय करतं हे पोरीने एकदा त्यांना द्राक्षाचा मणी हातात धरून समजावलं. ‘इतकी वर्सं वतत हुतो, का वततो ते आत्ता कळलं.’

जमाखर्च

आता पगार अडतीस हजार. सहायक प्राध्यापकाचं नुसतं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता वेगळा. म्हणजे हरलेल्या शर्यतीची भरपाई झाली असं कोणी समजू नये. आठवड्याची सुट्टी एकच, मेची नाही, दिवाळीची चार दिवस. गाडीवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि सीझनमध्ये घरी येतानाही केसांना गंधकाचा वास. सासूबाई शेजारणींना वर्षभर ‘कॉलेजात जाते’ असंच सांगत होत्या. ताईंनी ते दुरुस्त केलं नाही.

पुढचा टप्पा आहे फूड अॅनालिस्टच्या परीक्षेचा. एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे त्यासाठी रसायनशास्त्राची एमएस्सी चालते, पण अन्नाच्या विश्लेषणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. प्रयोगशाळेत संयुगं बनवण्याची सहा वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणून जानेवारी २०२७ पर्यंत थांबणं आलं. पुन्हा वाट बघणंच, पण या वेळी तारीख ठरलेली आहे आणि ती कोणाच्या एनओसीवर अडलेली नाही. पीएचडीच्या वेळीच कोणी हा नियम दाखवला असता, तर प्रबंध चालू असताना एखाद्या लॅबमध्ये अर्धवेळ नोंद करून ठेवता आली असती का, असा विचार मी कधीकधी करतो. बहुतेक गाइडने परवानगी दिली नसती.

त्यांचे गाइड वर्षभर नाराज होते. ‘शिकवायचा हात होता तुझा, बेदाणे उकळत बसलीस.’ ताईंना हे लागलं, कारण खोटं नव्हतं. शिकवणं सुटलं याचं त्यांना अजून वाईट वाटतं. ५ सप्टेंबरला जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतात तेव्हा त्या लॅबच्या जिन्यात जाऊन बोलतात. सात पेपरांनंतर आठवा झाला नाही. सल्फाइटच्या शेडमधल्या आकड्यांवर एक सहज होईल, असं मी दोनदा म्हटलं. ‘व्यापाऱ्यांचा माल आहे, काका, आकडे त्यांचे आहेत,’ असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना आता चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग करावं लागतं. यंदा मेमध्ये मित्राच्या लॅबला एका महाविद्यालयाचं पत्र आलं: सहा विद्यार्थी घ्याल का? ताई जिथे सीएचबीवर होत्या तेच महाविद्यालय. पत्रावर विभागप्रमुखांची सही होती, ज्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ताई तीन वर्षं डबा खायच्या. ताईंनी चौघांना घेतलं, जागा तेवढीच होती. पहिल्या दिवशी त्यांना यंत्राजवळ जाऊ दिलं नाही; एक चुकीचा आकडा मुद्दाम लिहायला लावला आणि तो एका रेघेने कसा खोडायचा ते दाखवलं.

महिन्याने प्रमाणपत्रांवर सही करायची वेळ आली. विद्यापीठाच्या नमुन्यात मार्गदर्शकाच्या नावापुढे पदवी आणि हुद्दा लिहायला जागा होती, खाली शिक्का. लॅबचा शिक्का होता, ताईंच्या नावाचा नव्हता. मित्राने लॅबमधल्या एका पोराला शिक्का करून आणायला पाठवलं. संध्याकाळी शिक्का आला तो नुसत्या नावाचा. मित्र त्या पोरावर जाम भडकला. ‘अरे, पुढे डॉ. कुठंय? जा परत!’

दुकान बंद झालं होतं. पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, प्रमाणपत्रं घ्यायला.